वाणाची विणलेली फडकी: जानेवारीत पास, जुलैत नापास

कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीतल्या चौघी जणी क्रोशाची सुती फडकी विणून विकतात. बाणेरच्या एका बाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवात लुटायला त्यांच्याकडून साठ फडकी घेतली. जानेवारीत कौतुक झालं. जुलैत त्याच फडक्यांबद्दल खरी कुरकुर सुरू झाली: वास येतो, चिकट लागतं, एका बाजूनं आक्रसलं. वाण कोणी परत आणून देत नाही, पण त्याबद्दल बोलायचं कोणी सोडतही नाही. ते बोलणं आधी बाणेरला आणि तिथून कोथरूडला पोचलं. कापड आणि धुलाई हा माझ्या कामाचा विषय असल्यानं चौघींमधल्या धाकटीनं मला बोलावलं. "दोरा खराब लागला का, तेवढं सांगा," एवढंच तिचं म्हणणं होतं.

दोरा थोडा खराब होता. पण सगळं खापर त्याच्यावर फोडता येण्यासारखं नव्हतं.

फडकं कसं होतं

चौघींतल्या आजी सत्तरीच्या पुढच्या. त्यांचा हात बारीक पांढऱ्या दोऱ्यावर बसलेला: तोरणं, चौरंगावरचे रुमाल, बाळंतविड्यातली टोपडी. रोज खरकट्याला लागणारी वस्तू विणायची ही कल्पना त्यांना सुरुवातीला मुळीच पटली नव्हती. "एवढी वीण घालायची आणि तिनं ओटा पुसायचा?" कल्पना धाकटीची. ती नोकरी सोडून घरी बसलेली, मोबाइलवर परदेशी नमुने बघून शिकलेली. मधल्या दोघी मोजून-मापून काम करणाऱ्या. हिशेबाची वही त्यांच्याकडे.

वीण ठरली मुक्या खांबांची, म्हणजे क्रोशाच्या आखूड, घट्ट टाक्यांची, ओळीवर ओळ, मधे कुठं भोक नाही. आठ पदरी दोरा, चार मिलिमीटरची सुई. तयार फडकं २२ सेंटिमीटर चौरस, वजन ४० ग्रॅम, भोवती लाल किंवा हिरवा काठ.

माझं लक्ष आधी या वजनाकडेच गेलं. २२ सेंटिमीटरच्या चौरसात ४० ग्रॅम म्हणजे चौरस मीटरला ८०० ग्रॅमच्या वर. अंग पुसायचा चांगला जाड टॉवेल ५००-६०० ग्रॅमचा असतो. वापरून मऊ झालेल्या सुती साडीचा तुकडा १०० च्या आसपास. म्हणजे ओटा पुसायचं फडकं अंगाच्या टॉवेलपेक्षा दीडपट भरत होतं. हे कोणाला खटकलं नाही, कारण हातात घेतल्यावर ते 'भरीव' वाटायचं, आणि वाणाची वस्तू भरीव वाटावी हीच तर देणारीची इच्छा असते.

नमुना जिथून आला तिथल्या स्वयंपाकघरात इतकी जाड वीण शोभते. तिकडे सिंकमध्ये किंवा पसरट भांड्यात गरम साबणाचं पाणी भरतात आणि फडक्यानंच ताटल्या घासतात. मुक्या खांबांचा खडबडीतपणा तिथं घासणीचं काम करतो आणि जाडीमुळे हाताला पकड मिळते. आपल्याकडे भांडी वाहत्या नळाखाली, घासणीनं किंवा काथ्यानं घासली जातात. फडक्याच्या वाट्याला येतं ते पुसणं: ओटा, शेगडी, टेबल, घासून पालथी घातलेली ताटं-वाट्या. पुसणाऱ्या फडक्यानं पाणी झटकन उचलावं, एका पिळ्यात सोडावं आणि पुढच्या कामाच्या आत वाळावं. त्यातलं पहिलं या फडक्यानं नीट केलं. दुसरं आणि तिसरं त्याच्या बांध्यातच नव्हतं.

दोऱ्याचा भाग

पांढरा दोरा रविवार पेठेतून किलोवर घेतलेला, कोनवरचा, कोरा, किंचित पिवळसर. फेब्रुवारीतली पहिली तक्रार या कोरेपणाची होती. फडकं पाणी ओढतच नव्हतं, पाणी पुढे ढकलत होतं. कापसाच्या तंतूवर मुळात मेणाचा बारीक थर असतो. वजनात तो एक टक्काही भरत नाही, पण पाणी आत शिरू द्यायचं नाही एवढं काम चोख करतो. सूतगिरणीत आणि दोरा गुंडाळताना लागलेलं तेल-मेण त्यात भर घालतं. कोरा पंचा पहिल्या दिवशी अंग पुसत नाही, आणि बाळाचे नवे लंगोट तीन-चार धुण्यांशिवाय कोणी लावत नाही, त्याचं कारण हेच. आजींना हे सांगावं लागलं नाही. त्या उलट चिडल्या: "मी म्हटलं होतं, आधी उकळून घ्या. पण उकळलं की कडकपणा जातो, मग दिसायला चांगलं दिसत नाही म्हणे." तीन-चार धुण्यांत ही तक्रार आपोआप मिटली.

एका पाहुणीनं विचारलं होतं की दोरा मर्सराइज्ड आहे का, चकचकीत का नाही. दोरा तसा नव्हता, आणि नव्हता ते बरंच होतं. इंग्लंडमधल्या जॉन मर्सरनं १८४४ च्या सुमारास सुती कापडावर कॉस्टिक सोड्याचा प्रयोग केला आणि १८५० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दोरा ताणून धरून तीच प्रक्रिया केली तर रेशमासारखी चमक येते, हे पुढं चाळीसेक वर्षांनी कळलं. या प्रक्रियेनं सूत बळकट होतं आणि रंग चांगला धरतं. पाण्याची ओढही कमी होत नाही, उलट तंतू जरा जास्तच ओलावा धरतो. पण असा दोरा सहसा घट्ट पिळाचा असतो, वरची लव जाळून गुळगुळीत केलेला असतो, म्हणून ओट्यावरचं पाणी उचलायला तो आळशी ठरतो. तोरणाला मर्सराइज्ड, फडक्याला साधा, ही वाटणी योग्य.

खरी गडबड काठाची. लाल-हिरवा दोरा 'मिल्क कॉटन' या नावानं घेतला होता. हात लावला की लोण्यासारखा मऊ, रंग सुरेख. या नावानं मिळणाऱ्या दोऱ्यात बऱ्याचदा सूत आणि अॅक्रिलिक हा कृत्रिम धागा यांची मिसळ असते. ओळखायला सोपं: दोऱ्याचं टोक चिमट्यात धरून जाळायचं. निव्वळ सूत कागदासारख्या वासानं जळतं आणि बोटांत चुरडली जाणारी करडी राख उरते. अॅक्रिलिक वितळतं, तिखट वास येतो आणि टोकाला काळा टणक मणी धरतो. आमच्यासमोर मणी धरला. हिशेबाची वही ज्यांच्याकडे त्या बाई बराच वेळ त्या मण्याकडे बघत होत्या, कारण काठाचा दोरा मधल्या दोऱ्यापेक्षा महाग पडला होता.

सूत पहिल्या काही गरम धुण्यांत आटतं. सूतकताई आणि विणकामात त्याला दिलेला ताण पाण्यात सैल होतो आणि ते मूळ जागी येतं. अॅक्रिलिक तसं आटत नाही. मधला भाग आटला, काठ तसाच राहिला, म्हणून कडा लाटांसारख्या उठल्या. काही घरांत काठ घट्ट विणलेला होता, तिथं उलट झालं: फडकं टोपीसारखं खोलगट झालं. अॅक्रिलिकचा दुसरा धोका जास्त गंभीर. घरोघरी असं जाड फडकं हाताशी दिसलं की त्याचं मसोतं होतंच. तापलेला तवा धरायला सुती फडकं चालतं, फार तर करपेल. अॅक्रिलिकचा काठ तव्याला लागला तर वितळून चिकटतो, बोटालाही. ओलं फडकं, मग ते निव्वळ सुती का असेना, तव्याला लावू नये. ओल्यातून उष्णता झपाट्यानं हाताशी येते आणि वाफेनं भाजतं.

लाल काठाचा रंग दोन घरी ओट्यावर उतरला. आजींनी मिठाच्या पाण्याचा उपाय सांगितला. आपल्या सगळ्यांच्या आयांनी तो केलेला आहे. रंगाऱ्याच्या हौदात मीठ कामाचं असतं, रंग सुताकडे ओढला जायला मदत करतं. पण रंगवून झालेल्या, सुटा रंग नीट धुऊन न काढलेल्या दोऱ्याला नंतर मिठात बुडवून रंग पक्का होत नाही. सुटा रंग निघून जाईपर्यंत वेगळं धुणं, एवढाच इलाज. आजींशी मी यावर वाद घातला नाही. विणण्याआधी दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडाखाली इस्त्रीनं दाबून बघायचा, एवढं मात्र चौघींनी मान्य केलं.

तीन घरं

फडकी वापरणारी तीन घरं बघता आली.

सहकारनगरच्या घरी तक्रार शून्य. मागं छोटंसं अंगण, दोरी, फडकं धुऊन चिमट्यात लटकवलेलं. पावसात तेच पंख्याखाली. आणखी एक गोष्ट: त्या घरात फडक्यानं फक्त जेवणाचं टेबल पुसत होते. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

सदाशिव पेठेतलं घर म्हणजे वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीचा पहिला मजला. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडणारी, ऊन वर्षभर नाही. इथं फडक्याला वासही होता आणि चिकटपणाही. रात्रीचं आवरून झालं की फडकं खळबळून, पिळून, दुमडून नळावर टाकायचं ही पद्धत. आधीची साडीची फडकी अशीच टाकत आणि सकाळी कोरडी मिळत, त्यामुळे पद्धतीत काही चूक आहे असं वाटायचं कारणच नव्हतं.

चिकटपणाचं मूळ तेलाच्या बुधल्यापाशी सापडलं. घरात करडईचं तेल. बुधल्याच्या तळाशी, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर जो पिवळा चिकट थर बसतो, तोच फडक्यात होता. करडईच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे तीन चतुर्थांश असतं, आणि असं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होत जातं. जवसाचं तेल रंगकामात वापरतात ते याच गुणामुळे. करडई त्याच वाटेवरची, थोडी मंद. शेंगदाण्याच्या तेलात हा गुण बराच कमी. ताजं तेल साबणानं निघतं. आठवडाभर फडक्यात मुरून घट्ट झालेलं तेल सोड्यात उकळूनही पुरतं निघत नाही. अशा फडक्यावर जीव टाकू नये; त्याचं पोतेरं करावं आणि तेल टिपायला वेगळी चिंधी ठेवावी.

बाणेरच्या घरी, म्हणजे वाण लुटणाऱ्या बाईंच्याच इमारतीत, गोष्ट निराळी निघाली. शहराच्या जुन्या भागात खडकवासल्याचं पाणी येतं, ते बऱ्यापैकी मऊ असतं. या इमारतीत टँकर आणि बोअरचं पाणी मिसळतं. नळाच्या तोंडाशी पांढरी पुटं धरलेली. फडकी कपड्यांबरोबर मशीनमध्ये जात होती आणि शेवटच्या पाण्यात सुवासिक सॉफ्टनर. सॉफ्टनर म्हणजे सुतावर बसणारा एक प्रकारचा स्निग्ध थर, त्यानंच कपडा मऊ लागतो. कोऱ्या दोऱ्यावरचं मेण चार धुण्यांत काढायचं आणि पाचव्या धुण्यात नवं चढवायचं, असा तो कारभार होता. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे साबणाचा न विरघळणारा साका होतो, तोही विणीत अडकतो. अर्धा तास गरम पाण्यात, मूठभर धुण्याचा सोडा टाकून भिजवल्यावर पाणी गढूळ झालं आणि फडकं पुन्हा पाणी ओढायला लागलं.

पण या घरातलं महत्त्वाचं वाक्य सोड्याबद्दलचं नाही. बाई फडक्यांचं सांगत होत्या तेव्हा भांड्यांच्या मावशी तिथंच ताटं पुसत होत्या, आणि त्यांच्या हातात साडीचा तुकडा होता. विणलेलं फडकं कुठं आहे विचारलं तर सिंकखालच्या कपाटातून निघालं, घडी घातलेलं, आतून ओलं.

"तुम्ही वापरत नाही का मावशी?"

"सुरुवातीला वापरलं की. पण ताई, हे भिजलं की जड होतंय. पिळायला दोन्ही हात लागतात, मनगट दुखतं. मला अजून चार घरं करायची असतात."

बाईंना हे माहीत नव्हतं. कोथरूडच्या चौघींना तर नव्हतंच. फडकं विकत घेणारी एक, वाण म्हणून मिळालेली दुसरी, आणि दिवसातून दोनदा ते पिळणारी तिसरीच. पुण्यातल्या किती घरांत भांड्यांना बाई येते हे चौघींना चांगलं ठाऊक आहे, त्यांच्याही घरी येतात. तरी नमुना ठरवताना, काठाचा रंग ठरवताना, अगदी वेष्टनाचा कागद ठरवताना चर्चा झाली ती फक्त घेणारीची. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गाठ इथं आहे. दोरा, पाणी, तेल हे सगळं खरं, पण पिळणाऱ्या हातात ते फडकं एकदा दिलं असतं तर तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं.

वास कुठून आला

कोरड्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचं फडकं नळावर राहतं, कारण हातानं घट्ट पिळल्यावरही जाड विणीत जवळजवळ तिच्या वजनाइतकं पाणी उरतं. साडीच्या त्याच मापाच्या तुकड्यात उरेल चमचाभर. हवा लागणारा पृष्ठभाग दोघांचा जवळपास सारखा, म्हणजे जाड फडक्याला वाळायला कितीतरी पट वेळ, आणि ते दुमडून टाकलं तर आणखी. पुण्यात जानेवारीच्या दुपारी हवेतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असते. तेवढ्या कोरड्या हवेत हे फडकंही वाळलं. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता ८० च्या वर. तेव्हा रात्री टाकलेलं फडकं सकाळी ओलंच, त्यावर सकाळचं काम, पुन्हा ओलं. काही घरांत ते आठवडाभर एकदाही पुरतं कोरडं झालं नसेल.

ओल्या कपड्याच्या त्या ओळखीच्या कुबट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो, हे २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. धुतल्यावरही सुतात उरलेल्या स्निग्ध पदार्थांपासून तो दर्प असलेलं एक आम्ल तयार करतो. वाळवणं आणि ऊन दोन्ही तो बऱ्यापैकी सोसतो, म्हणून एकदा वास धरलेलं फडकं वाळल्यावर बिनवासाचं वाटतं आणि ओलं झालं की पुन्हा वासतं. स्वयंपाकघरातल्या फडक्यात त्याला खायला तेल, दूध, डाळीचं पाणी सगळंच मिळतं.

हळदीच्या डागांनीही काही जणी घाबरल्या होत्या: "साबण लावला तर डाग लाल झाला." हळदीतला रंग, कर्क्युमिन, साबण-चुन्यासारख्या अल्कलीत लाल होतो, हळदीला चुन्याची निवळी देऊन कुंकू करतात ते याच जोरावर. साबण निघून गेला की तो पुन्हा पिवळा दिसतो आणि उन्हात उडतो. ओलं फडकं दोन-तीन दुपारी उन्हात टाकलं की ब्लीच लागत नाही. ब्लीच मी फडक्याला सांगतच नाही. ते सुताचा तंतू कमजोर करतं, आणि घाईत कोणी त्यात व्हिनेगर किंवा लिंबू ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो.

नवी वीण

पाऊस चालू होता हे चाचणीच्या दृष्टीनं बरंच झालं. चौघींनी काठ आणि आठ पदरी दोरा दोन्ही रद्द केले. चार पदरी साधा सुती दोरा घेऊन तीन नमुने विणले आणि ते तीन घरी दिले, या वेळी थेट पुसणाऱ्या हातात.

पहिला नमुना जाळीचा: एक खांब (उंच टाका), एक साखळी, घरांवर घरं. वाळायला उत्तम, सकाळी खडखडीत. मावशींनी दोन दिवसांत नाकारला. "शितं अडकतात घरांत. आणि बांगडी." काचेच्या बांगड्या आणि मोठी घरं एकत्र नांदणार नाहीत हे आजींना पटलं, धाकटीला दिसायला तोच आवडला होता. दुसरा मुक्या खांबांचाच, फक्त बारीक दोऱ्याचा. बरा, पण पिळताना अजूनही कडक. तिसऱ्यात एक मुका खांब, एक साखळी, आणि पुढच्या ओळीत मागच्या साखळीच्या जागी खांब. यात भोकं असतात पण शीत अडकण्याइतकी नाहीत, आणि कापड तिरकस ओढलं की लवतं, म्हणून पिळायला सोपं. २० सेंटिमीटर चौरस, वजन २० ग्रॅम. चौरस मीटरला ५०० ग्रॅम, म्हणजे टॉवेलच्या खालच्या टोकाशी. एका कोपऱ्यात साखळीचा फास, खुंटीला अडकवायला. फासाची मागणी सदाशिव पेठेतून आली, आणि सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच झाला. फास असला की माणूस फडकं आपोआप टांगतो आणि ते दुमडलं जात नाही.

एक गोष्ट चौघींना मी स्पष्ट सांगितली आणि ती त्यांना आवडली नाही. ताटं-वाट्या कोरड्या करायला जुनी सुती साडी या नव्या फडक्यापेक्षाही सरस आहे आणि राहील. विणलेलं फडकं ओट्याला, टेबलाला, शेगडीच्या कडांना चांगलं, कारण विणीचा खरखरीतपणा वाळलेलं पीठ, सांडलेल्या दुधाचा डाग उचलतो. ते भांडी पुसायचं म्हणून विकू नये. आजी म्हणाल्या, "मग हल्ली सुती साडी नेसतं कोण?" हा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

फडक्याबरोबर द्यायच्या चिठ्ठीवरून बरीच ओढाताण झाली. धाकटीला सगळं लिहायचं होतं. शेवटी मोजकं ठेवलं: कोरा दोरा चौघींनीच आधी सोड्याच्या पाण्यात उकळून, आटवून द्यायचा, म्हणजे पहिल्या तक्रारीला जागा राहात नाही. घेणारीनं सॉफ्टनर लावायचा नाही. रोज रात्री साबणाच्या पाण्यातून काढून फासानं टांगायचं. दोन फडकी आलटून पालटून वापरायची. आठवड्यातून एकदा स्टीलच्या पातेल्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकून दहा मिनिटं उकळायचं. स्टीलच्या असं मुद्दाम लिहायला लावलं, कारण सोड्यानं अॅल्युमिनियम काळं पडतं आणि झिजतं, आणि घरात 'जुनं पातेलं' म्हणून पुढं येतं ते नेमकं अॅल्युमिनियमचं. पावसात ऊन नसेल तर उकळून पिळलेल्या फडक्यावर गरम इस्त्री फिरवली तरी चालतं. निव्वळ सूत असल्यानं धोका नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालायचा सल्ला बराच फिरतो, त्यात दोघं एकमेकांना मारतात आणि हाती खारं पाणी उरतं.

ही चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरांत छापली आहे. तरी ती वाचेल फडकं घेणारी आणि पिळणारी ऐकेल तिच्या तोंडून. म्हणून जे काम फडक्याच्या बांध्यात बसवता येईल ते चिठ्ठीत टाकायचं नाही, असं मी सुचवलं. फास हे त्यातलं एक, आधीच आटवून देणं हे दुसरं.

जुन्या फडक्यांचं आणि किमतीचं काय

उरलेली जाड फडकी टाकायची गरज पडली नाही. मिसळीचा काठ उसवून काढला आणि ती गरम पातेल्याखालची बैठक म्हणून ठेवली. तिथं जाडी हवीच असते, आणि ती ओली व्हायची वेळ क्वचित येते.

किमतीचा गुंता मात्र सुटलेला नाही. जाड फडकं १२० रुपयांना विकलं जात होतं. सहाशे रुपये किलोच्या दोऱ्याचे २४ रुपये, वेष्टनाचे ६, राहिले ९०. एका फडक्याला अडीच तास, म्हणजे तासाला ३६ रुपये. खरं क्रोशाचं काम अजूनही माणसाच्या हातानंच होतं, बाजारात त्याचं यंत्र नाही. त्यामुळे वेळ कमी करायची वाट दोऱ्याच्या जाडीतून आणि विणीतूनच जाते. नव्या फडक्यात दोरा निम्मा लागतो, म्हणजे १२ रुपयांची बचत. पण दोरा बारीक, टाके जास्त, वेळ जवळपास तेवढाच, शिवाय उकळून आटवण्याचं काम वाढलं. आणि ग्राहक हातात घेऊन म्हणतो, हे तर हलकं आहे, ऐंशीला द्या.

धाकटीचं म्हणणं, दोन फडक्यांची जोडी २५० ला लावावी आणि सुटं विकूच नये. आलटून पालटून वापरायला जोडीच लागते, तेव्हा ते खोटंही नाही. हिशेबाच्या वहीवाल्या बाईंना भीती, की अडीचशे म्हटलं की वाणाच्या मागण्या बंद होतील, कारण वाणाचा खर्च माणशी ठरलेला असतो. आजींचा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे. नव्या नमुन्याच्या चाचणीसाठी तिन्ही घरच्या भांडी करणाऱ्या बायकांना पैसे द्यायचे असं बाकी तिघींनी ठरवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "पुसायचे पैसे त्यांना मिळतातच की." धाकटीनं विचारलं, "आजी, जाळीचा नमुना विकायला गेला असता तर किती दोरा वाया गेला असता?" आजींनी उत्तर दिलं नाही, पण चाचणीच्या खर्चाची ओळ वहीत आली आहे, आणि पुढच्या नमुन्याची तीन फडकी मावशींकडे पोचली आहेत. त्यात एका बाजूला मुका खांब आणि दुसऱ्या बाजूला जाळी आहे, शितांचं काय होतं ते बघायला.